शून्याची चूक

सकाळच्या पाळीचं पहिलं काम हे:
व्हर्नियरचे जबडे मिटायचे, मध्ये काही न धरता,
आणि शून्यासमोर शून्य येतंय का बघायचं.
नाही आलं
तर ते हत्यार दिवसभर खोटं बोलणार,
प्रत्येक मापात, नेमकं तेवढंच.

सातपूरला बावीस वर्षं
नव्या पोरांना मी हे शिकवत आलोय.

मार्चमध्ये तीनशे चाळीस बुश परत आले.
भोक मोठं. चार शतांश.
साहेबांनी चष्मा काढून विचारलं,
मी म्हणालो, "माझ्या हातून नाही गेलं."
नाव कुणाचंच घेतलं नाही मी.
पण त्या टेबलावर आम्ही दोघंच असायचो,
आणि रजिस्टरात सही होती वाल्मीक गांगुर्डेची,
जी मीच त्याला करायला सांगितली होती,
चहाला जाता जाता,
माप न घेता.
तो आधी माझ्याकडे बघत राहिला,
मग स्वतःच्या बुटांकडे.
पुढच्या महिन्यात त्याचं कार्ड पंच झालं नाही.

मीही विसरलो असतो. मला ते जमतं.

पण रविवारी स्वयंपाकघरात बरणी फुटली,
आणि मी दारात पोचायच्या आत,
कुणी काही विचारायच्या आत,
मृण्मयी म्हणाली, "माझ्या हातून नाही."
नऊ वर्षांची पोर.
हनुवटी जराशी वर, आवाज सपाट,
पायाशी लोणच्याचं तेल पसरत चाललेलं.
हेमा काचा गोळा करत होती,
मान वर न करता म्हणाली,
"तिच्याकडे काय बघतोस?"

त्या रात्री जुनी मापं काढत बसलो.
स्कूटरला पडलेला पोचा.
आईची चुकलेली गोळी.
पाथर्डी फाट्यावरच्या प्लॉटचा बुडालेला हप्ता.
सगळीकडे मी तेवढाच बाजूला सरकलेला,
ना कमी ना जास्त.

शनिवारी सुट्टी. पिंपळगावला निघालो.
तो तिथे मार्केटात टोमॅटोच्या क्रेट मोजतो असं कळलं होतं.
ओझरपर्यंत वाक्य घोकत होतो,
"त्या वेळी जरा चूक झाली."
घोकता घोकता लक्षात आलं,
आपल्या भाषेत किती सोय आहे!
चूक होते. बरणी फुटते. दूध उतू जातं.
गोळी राहून जाते.
वाक्यभर शोधा, माणूस सापडत नाही.

गाडी बाजूला घेतली.
उसाच्या रसाच्या बंद गुऱ्हाळासमोर
मोठ्यानं म्हणून पाहिलं: मी केली.
घसा असा धरला
जसं कुणी परक्या भाषेतलं म्हणायला लावलंय.

वाल्मीकला सांगितलं. उभ्या उभ्या, क्रेटांच्या मध्ये.
सही मी करायला लावली. नाव मी पुढे सरकवलं.
त्यानं खडूनं क्रेटवर आकडा लिहिला,
पुढची ओढली, तिच्यावरही लिहिला.
मग म्हणाला,
"काका, बाजूला व्हा, गाडी मागे येतेय."
झालो.
अजून काहीतरी म्हणेल म्हणून
बराच वेळ उभा होतो.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला.
त्याचं काय होणार, अजून कळलेलं नाही.

पोरांना मी आणखी एक गोष्ट शिकवतो,
जी ती लक्ष देऊन ऐकत नाहीत:
शून्य हललेलं हत्यार फेकून द्यायचं नसतं.
चूक किती, ते डबीवर लिहून ठेवायचं
आणि दर वेळी, दर वेळी वजा करायची.
एकदा विसरलात, तर ती आहेच तिथे.

काल संध्याकाळी हेमानं आतून विचारलं,
"गच्चीवरचा नळ कुणी चालू ठेवला?"
"ना" दातांपर्यंत आला होता.
जबडे मिटले.
मध्ये काही नव्हतं.
टाकीचं पाणी जिन्यावरून उतरत होतं, पायरी पायरीनं,
आणि मृण्मयी वहीतून डोकं वर काढून
माझ्या तोंडाकडे बघत होती.
"मी," म्हणालो.
आवाज फार बारीक आला.
"काय?" हेमानं विचारलं.

पुन्हा म्हणावं लागलं.